टेकडीवरचं रिकामं रान

फिनबार, कप्तानसाहेब,

आपलं राज्य आलं तरी इंग्रज अजून बंदर अडवून बसलेत, आणि ते गेल्यावर तोफ कुठं ठेवायची ते तू डब्लिनहून नकाशावर ठरवतोस. काल तुझी माणसं आली.

"मावशी, टेकडीवरचं रान रिकामंच ना?"

"रिकामं तुझं डोकं!" म्हटलं मी.

बाप्तिस्म्याआधी गेलेल्या लेकरांना पाद्री दफनभूमीत घेत नाहीत. ती तिथं आहेत, साध्या दगडांखाली. माझी मुलगीही. ती झाली होती हेच तुला ठाऊक नाही; आईनं बोलू दिलं नाही.

हे पत्रही धाडवणार नाही माझ्यानं. तोफ आमच्या बटाट्याच्या वावरात ठेव, एवढाच निरोप देईन. नवरा ओरडेल. ओरडू दे. तिथं कुणी निजलेलं नाही.

तुझी ताई,
गोबनेट