साराबांद आणि बाबांची मान

हिगाशी-कसाई, तोक्यो
५ फेब्रुवारी २०१५

तीर्थरूप बाबांस,
सुचित्राचा सा. न. वि. वि.

तुमचं तिकीट झालं हे वाचून मोहन, तुमचे लाडके जावई, खूश आहेत. मी मात्र धास्तावलेय. तुम्ही येताय त्याच आठवड्यात आमच्या चेलोच्या क्लासचा कार्यक्रम आहे. मला एक जुना युरोपियन सूट वाजवायचाय, म्हणजे नाचाच्या धुनांची माळच: आलमांद, कुरांत, साराबांद, जीग. गेल्या वर्षी साराबांदच्या मध्येच हात थिजला आणि मी चेलो उचलून सरळ विंगेत गेले, ते तुम्हाला ठाऊक आहेच. यंदाही उठले तर चेलो विकून टाकणार, असं मोहनला सांगून ठेवलंय.

म्हणून कृपा करा. इथे लोक खोकलासुद्धा दोन नाचांच्या मधल्या जागेसाठी राखून ठेवतात. वाहवा नाही, चुटक्या नाहीत, मांडीवर ताल नाही. ताईच्या क्षितिजच्या मुंजीत तुम्ही भटजींच्या मंत्रांना ठेका धरला होतात, मी विसरलेले नाही!

आईला सांगा, तुमच्या बॅगेत हेल्मेट घालू नकोस. २०११च्या भूकंपापासून आमच्याकडे माणशी एक आहे.

लोभ असावा, आवाज नसावा.
तुमची,
सुचित्रा

पुणे
१६ फेब्रुवारी

चि. सुचित्रा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं फर्मान पोचलं. भजनी मंडळात जन्मभर तबला बडवलेल्या माणसाला हात गप्प ठेवायला सांगतेस! बरं बाई. हात मांडीखाली दाबून बसेन, तोंडात लवंग धरीन. शब्द देतो.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग रोज ऐकतो. जीग झकास आहे. पण त्या साराबांदचं काय गं? तीन मात्रा, आणि जोर दुसरीवर? काहीतरीच! मी पहिलीवर टाळी देतो आणि तुमचा चेलोवाला साहेब दुसरीवर बसकण मारतो. शिवाय म्हणायचं नाच, आणि नाचत कोणीच नाही. तुझी आई म्हणते, ताटावर ठेका धरणं थांबवा, नाहीतर ते हेल्मेट मीच घालून जेवायला बसेन.

चेलो विकायची भाषा पुन्हा काढू नकोस. अडलीस तर अडलीस, पण उठू नकोस.

लोभ आहेच, तक्रारीसकट.
बाबा

हिगाशी-कसाई
२ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

पुण्याला सुखरूप पोचलात, बरं वाटलं. विमानतळावर सांगायला गेले आणि रडूच फुटलं, म्हणून आता लिहिते.

साराबांदमध्ये त्याच जागी पुन्हा हात थिजला. पुढचं काही आठवेना. उठणारच होते, तेवढ्यात तुम्ही दिसलात. दोन्ही हात मांडीखाली, गालात लवंग, चेहरा लालबुंद. शब्द पाळलात हो! पण मानेबद्दल मी काही लिहिलंच नव्हतं. वाजत काही नव्हतं तरी तुमची मान चालू होती. आणि जोर कुठे? दुसरीवर! जिच्याशी महिनाभर भांडलात त्याच मात्रेवर. त्या मानेला धरून मी पुन्हा सुरांत शिरले, ती थेट जीग संपेपर्यंत.

तुम्हाला दिसलं नसेल, पण तुमच्या शेजारच्या आजी तुमच्याकडे बघून मान हलवायला लागल्या. मग अख्खी रांग, मग मागची. त्यांना वाटलं, अशीच रीत असेल. सगळे अगदी गंभीर चेहऱ्याने! काल आम्हाला चेलो शिकवणाऱ्या हिराओका-सेन्सेईंनी विचारलं, ही भारतातली पद्धत आहे का, कारण दुसऱ्या एका कार्यक्रमातही त्या आजी तशाच डोलत होत्या म्हणे. मी हो म्हणून टाकलं.

चेलो विकत नाही. पुढच्या मार्चात पुन्हा साराबांदच वाजवणार आहे. आईलाही घेऊन या, हेल्मेट घालून आली तरी चालेल. आणि बाबा, त्या वेळी हात मोकळे ठेवून बसा.

पहिल्या मात्रेवर, दुसऱ्या मात्रेवर, लोभ असाच राहू द्या.
तुमची,
सुचित्रा