लेखकाच्या खुर्चीपुढचं पान

१ सप्टेंबर
आले एकदाची मॅसॅच्युसेट्सला! थोर लेखकाच्या घरात वर्षभर फुकट राहायचं, बदल्यात पर्यटकांना घर दाखवायचं. सगळं गाव मेलेल्या माणसावर पोसलंय. बेकरीत त्याच्या मिशीच्या आकाराची बिस्किटं मिळतात. लोक त्याच्या दाढीच्या ब्रशापुढे डोळे पुसतात, हसू आवरत नाही. महाशय जेवायला एकटे बसायचे, बायकोमुलं उरलंसुरलं खायची. त्या जेवणघरातही हे लोक हात जोडून उभे.

१४ सप्टेंबर
इथे अमेरिकेतच नेपरव्हिलला राहणाऱ्या शैलजाआत्याचा फोन. परवा पितृपक्षातली दशमी, बाबांची तिथी, निदान एक पान वाढ म्हणाली. बाबा गेले तेव्हा व्हिसाच्या भानगडीत नागपूरला जाता आलं नाही. अजून सलतं ते.

१६ सप्टेंबर
वरणभात, वडे, खीर केली. बाहेर अन्न ठेवायला बंदी, रॅकून म्हणजे इथली रानमांजरासारखी जनावरं येतात. मग जेवणघरातला पर्यटकांना अडवणारा दोर सोडून लेखकाच्या खुर्चीपुढेच पान मांडलं. बसू देत माझे बाबा थोर माणसाच्या जागी! नाव-गोत्र म्हणायचा कंटाळा केला. नुसतं जेवायला या म्हटलं. भांडी घासून आले तर पान चाटूनपुसून स्वच्छ. रॅकूनच असणार.

१७ सप्टेंबर
एका बाईने जाताना आभार मानले. जेवणघरात बसवलेला नट हुबेहूब लेखकासारखा आहे म्हणाली. मूर्ख कुठली. आम्ही नट ठेवलेला नाही.
खुर्ची गरम लागली.

१९ सप्टेंबर
दुपारी त्या खुर्चीत लेखकालाच पाहिलं. ताट आपटत होता. वाढल्यावर थांबला.
आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, नाव घेतलं नाहीस, मग ज्याचं घर तोच बसला. दादा स्वप्नात आला होता. उपाशी आहे गं तो."

२० सप्टेंबर
पुन्हा खीर मागतो. ज्याला हसले त्याचीच वाढपी झाले. लाज वाटते. बाबा उपाशी—

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
आज पितृपक्षाचा शेवटचा दिवस. बाराला नाव-गोत्र नीट म्हणून बाबांचं पान वाढलं.
व्हरांड्यात बाबा आले. खरंच आले. किती वाळलेत—
मी पान घेऊन दाराकडे निघाले तर लेखकाने—
उजवं मनगट सोडत नाही. डाव्या हाताने लिहितेय.
दार घट्ट. बाबा काच बडवताहेत. जेवण नको म्हणताहेत. सई, तू बाहेर ये, फक्त तू—
बाबा, मला येता ये