सगळ्यात लांब उत्तर

मीरा रोड, गुरुवार, संध्याकाळ

दम्यावरचा लेख उद्या जर्नलकडे पाठवायचाय. डॉक्टरांनी तो वाचायचा, शेवटचे बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे, की त्यांना नोंदणी टिकवायला लागणारे गुण मिळतात. गंमत म्हणून नुसते प्रश्न बायकोला दिले. मंगल बँकेत नोकरीला, दम्यातलं तिला काही कळत नाही. तरी सगळी उत्तरं बरोबर!

"अगं, कसं काय?"

"न वाचताच सगळ्यात लांब उत्तर निवडलं. प्रमोशनची परीक्षा अशीच दिलेली मी."

खरंच की. इतकी वर्षं लिहितोय, आणि बरोबर पर्यायालाच शेपूट लावत आलोय? म्हणजे लेख न वाचताच सगळे पास. बसून शेपटं छाटली. पुन्हा दिले, तर निम्मे चुकले.

"आता लेख वाचावा लागणार," ती वैतागली.

माझा लेख ती पहिल्यांदाच वाचतेय. तिचं वाचून होऊ दे, मग पाठवतो.