अक्काची पट्टी सुटते त्या दिवसाची रजा

प्रति,
माननीय मंत्री महोदय
(समक्ष, गाडीत)

विषय : थोरल्या बहिणीच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तीन दिवसांची रजा मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज, सर्व नामंजूर.

महोदय,

"साहेबांच्या खांद्यामागे उभं राहायचं, समोरून येणाऱ्याचं नाव त्यांच्या कानात सांगायचं, आणि आपल्याला घर आहे हे विसरायचं." एकोणीस वर्षांपूर्वी कपाटाच्या किल्ल्या देताना माझ्या आधीचे खासगी सचिव असे म्हणाले होते. तो दमेकरी आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि आपल्या कानात मी आहे.

१. आईमागे मला वाढवणाऱ्या अक्काचा डावा डोळा गेलेला आहे. उजव्यात मोतीबिंदू पिकला आहे. शस्त्रक्रियेसाठी तिची एकच अट आहे : "पट्टी सुटेल तेव्हा समोर पहिला तू दिसायला हवास. डॉक्टरचं तोंड मी नंतर बघेन, ते काय पळून जातंय."

२. सबब मी तीन अर्ज केले. प्रथेप्रमाणे रजेचे सर्व अर्ज माझ्याच टेबलावर येतात, तसे हेही आले. नाव न वाचता मी पहिल्यावर 'अधिवेशनानंतर पाहू' व दुसऱ्यावर 'दौऱ्यानंतर पाहू' असा शेरा मारला. तिसऱ्यावरचे नाव वाचले, तरी हात थांबला नाही. 'अर्जदाराने तगादा लावू नये' अशी समज दिली. अर्जदाराला ती फार लागली.

३. मागील मंगळवारी अक्काने कार्यालयात फोन केला. मी म्हणालो, "ताई, आपलं काम नोंदवून घेतलंय. साहेब स्वतः लक्ष घालताहेत." मग ती म्हणाली, "दिसत मला नाही, आणि ओळखत तू नाहीस होय रे मेल्या?"

४. तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. वाचनालयाच्या उद्घाटनाला निवृत्त न्यायाधीश पायऱ्या चढत असता मी आपल्या कानात 'अक्का' असे सांगितले, आणि आपण माझ्यावरील विश्वासापोटी भर सभेत "या अक्का, या" म्हणालात. त्यांच्या मिशा पाहूनही आपण डगमगला नाहीत, याबद्दल मी ऋणी आहे. साहेब न्यायाधीशांना थोरल्या बहिणीच्या ठिकाणी मानतात, असा खुलासा मीच काढला. त्यांचे आभाराचे पत्र आले आहे.

५. शस्त्रक्रिया तीनदा पुढे ढकलली. डॉक्टर आता थांबायला तयार नाहीत. उद्या गुरुवारी ती होईल, शुक्रवारी सकाळी दहाला पट्टी सुटेल. तरी गुरुवार ते शनिवार रजा मिळावी. तोवर नावे सांगायला टंकलेखक बाई तयार आहेत, त्यांचा आवाज माझ्याहून स्वच्छ आहे. टपाल मीच उघडत असल्याने हा अर्ज आपल्या हातात देत आहे. कृपया तो अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठवू नये.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,
आपला खासगी सचिव
बुधवार

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी, नामंजूर अर्ज, तीन.

ता.क. साहेब सोडत नाहीत, असं मी अक्काला वर्षानुवर्षं सांगत आलो. साहेब, आपण मला कधी अडवलंच नाही. मी आपल्याला कधी विचारलंच नाही. तीन दिवस मी नसलो आणि आपलं काहीच अडलं नाही, तर मग मी परत कशाला यायचं, याची भीती वाटायची. शुक्रवारी पट्टी सुटायच्या आधी हे मी तिलाही सांगणार आहे.