ठरावातला ब्राउझर

३ जून, मेहकर

जिंकलो! आमच्या शिक्षण संस्थेच्या कागदपत्रांच्या नव्या सॉफ्टवेअरला कायमचा ब्राउझर कोणता जोडायचा, यावर सभेत बोललो. आमच्या शाळांचे कागद एका बड्या कंपनीच्या मर्जीनं का उघडायचे? लोकांनी मिळून घडवलेला, मुक्त ब्राउझरच हवा! टाळ्या. अध्यक्ष उकंडराव म्हणाले, "ठरावातच घ्या हो. आपल्याइथं ठरावात नसलं त कोनी ऐकत नाही." घेतला. एकमतानं. 'दुसरा वापरू नये' हेही मीच घालायला लावलं.

घसा बसलाय.

५ जून

ऑफिसातली ऑपरेटर योगिनी म्हणते, "भाऊ, तुमच्या ब्राउझरात सही उमटूनच नाही राह्यली." सचिवाची, म्हणजे माझीच डिजिटल सही. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. म्हणे, दुसऱ्यात उघडा. मी मक्तेदारीवर बोलायला लागलो. त्यांनी फोन ठेवला.

९ जून

उंद्रीच्या शाळेतल्या अन्नपूर्णा मॅडम येऊन बसल्या. कित्येक वर्षं अर्धवेळ शिकवतात. पूर्णवेळ मान्यतेचा प्रस्ताव शुक्रवारपर्यंत ऑनलाइन गेला नाही, तर जागाच रद्द. आणि माझ्या सहीशिवाय तो जात नाही.

योगिनी म्हणाली, "दुसऱ्यात उघडते न, भाऊ. कोन पाह्यते?"

मी गरजलो — ठराव म्हणजे ठराव! सभा घेऊ, रीतसर बदलू.

मॅडम पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

११ जून

सभा झालीच नाही. निम्मे सदस्य शेगावला लग्नात. उकंडराव फोनवर हसले — "आता काऊन घाई करता? तुमचाच ठराव न बावा!"

१२ जून

शुक्रवार. योगिनी जेवायला गेली. दार लोटलं आणि दुसरा ब्राउझर मीच उघडला. सही उमटली. प्रस्ताव गेला. इतकं सोपं!

वर त्या ब्राउझरनं विचारलं — हाच कायमचा ठेवायचा का? 'नाही' दाबलं. तत्त्व म्हणून हातात एवढंच उरलं होतं.

मॅडमना फोनवर कळवलं, योगिनीलाही सांगितलं, आपल्याच ब्राउझरातून गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "हाव का?" म्हणाली. बस्स.

फार थकलोय. बोलून नाही — न बोलून.

२० जुलै

मान्यता आली! अन्नपूर्णा मॅडम पेढे घेऊन आल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या ठरावानं माही नोकरी वाचली." योगिनी खाली मान घालून पेढा खात होती.

२१ जुलै

उकंडरावांनी शिक्षकांच्या मेळाव्यात माझं भाषण ठरवलंय. विषय — आपले कागद, आपला ब्राउझर.

हो म्हणालो.