दाराकडे तोंड केलेले मासे

माय, लक्षद्वीपाहून तुह्या भटक्या नयनचा नमस्कार.

पत्र महिनाभर टाळलं, रागावू नको. मी समुद्रात उतरत नाही, फक्त माशांचा अभ्यास करणाऱ्या मॅडमच्या टाकीतलं पाणी बदलतो. त्या टाकीत प्रवाळातले नव्या जातीचे मासे आहेत, बोटाच्या पेराएवढे, आरपार दिसणारे, शेपटीवर तुरीच्या दाण्याएवढा ठिपका. मॅडम त्यांचं वर्णन लिहून राह्यल्या. कोणी येणार असलं की ते आधीच दाराकडे वळतात, माणूस आत आला की दाराकडून तोंड फिरवतात. धाकट्या खुशीची दहावी कशी गेली?

हे मासे आणणारा माहा दोस्त कोया परवा बुडी मारून वर आलाच नाही. सकाळपासून मासे दाराकडे पाहून राह्यले, म्हणून मले आशा होती.

माय, कोया आत्ताच आला! तुह्यासारखं पायावर पाणी घालाले गेलो, तर म्हणाला, "नको, आत्ताच वाळलो."

तो बाजूलेच बसला आहे. मासे अजून दाराकडेच पाहून राह्यले.

तुहा नयन