अंगठा अजून चार बोटं लांब

धुळे, १४ जानेवारी १९५५

सौ. धुरपदास भडगावच्या घरच्या आठवणीसह आशीर्वाद.

मी खुशाल आहे. खानावळीतलं जेवण बरं आहे, काळजी करू नये. आबांचा खोकला कसा आहे? कपाशीची वेचणी संपली का?

शाळेत मुलांना आसनं शिकवायची, म्हणून आम्हा मास्तरांना इथे आधी स्वतः शिकावी लागतात. पाय लांब करून बसायचं आणि वाकून अंगठे धरायचे. माझं पोट आडवं येतं. पहिल्या दिवशी हात गुडघ्याशीच अडले. आमचे गुरुजी माझ्याहून लहान, पण रागावत नाहीत. रोज म्हणतात, "आज एक बोट पुढे गेलात." महिना झाला, अंगठा अजून चार बोटं लांबच आहे, तरी मी सकाळची वाट पाहतो. शिकण्यात एवढी मजा असते, हे मास्तर असून मला ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी तू पाटी घेऊन बसलीस. कान्यापर्यंत आलीस, वेलांटीला अडलीस. "आखो एकडाव दखाडा ना," पुन्हा एकदा दाखवा, एवढंच म्हणालीस, आणि मी पाटी अंगणात भिरकावली. परत तू पाटीला हात लावला नाहीस. म्हणून आज नवऱ्याचं पत्र तुला गिरधरभाऊजींकडून वाचून घ्यावं लागतंय. तो हे मोठ्यानं वाचत असेल. वाचू दे.

येताना नवी पाटी आणतो. बसशील का?

तुझा,
कौतिक

गिरधर, तू वाचणं इथेच थांबव आणि कागद वहिनीच्या हातात दे. खालच्या ओळीत वेलांटी नाही.

मला माफ कर.